पोलिओची मोजदाद: १९५० च्या दशकातले रुग्ण, लस आणि आकडे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेतली पोलिओची साथ आणि जोनास साल्क यांची मारलेल्या विषाणूची, टोचून द्यायची लस यांवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. निम्मे प्रश्न कुतूहलाचे असतात आणि निम्मे भांडणाचे, बहुधा फॉरवर्ड आलेला एखादा आलेख पाहून विचारलेले. उत्तरं दोघांनाही तीच आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. लुळा पडलेला पाय कोणालाही दिसतो. मग पोलिओचे रुग्ण मोजणं अवघड का होतं?

कारण लुळा पाय हे हिमनगाचं नुसतं टोक. पोलिओचा विषाणू पोटात गेलेल्या बहुतेक मुलांना काहीच होत नाही. जवळपास चौथ्या हिश्शाला साधा ताप, घसादुखी, पोट बिघडणं एवढंच होतं आणि घरात त्याला कोणी पोलिओ म्हणत नाही. थोड्यांना मान आखडते, डोकं ठणकतं, मेंदूज्वरासारखी लक्षणं दिसतात. हातपाय लुळे पडण्याची वेळ शंभरात एकावरही येत नाही.

म्हणजे एका लुळ्या मुलामागे शेकडो मुलं तोच विषाणू शौचावाटे बाहेर टाकत हिंडत असतात आणि ती कोणत्याच वहीत नसतात. त्यामुळे जुना आकडा समोर आला की तो यातल्या कोणत्या थराचा आहे, हे आधी विचारायचं.

२. १९५२ साली अमेरिकेत ५७,८७९ रुग्ण झाले म्हणतात. ही सगळी मुलं अपंग झाली का?

नाही. यातल्या २१,२६९ जणांना कमीअधिक लुळेपणा आला आणि ३,१४५ जण दगावले. उरलेल्यांतले बहुतेक ‘लुळेपणाविना पोलिओ’ या खान्यात होते: ताप, आखडलेली मान, पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात वाढलेल्या पेशी. साथीच्या दिवसांत अशा मुलाला डॉक्टर पोलिओच म्हणणार, आणि त्या काळी ते रास्तही होतं.

पण हा खाना भेसळीचा होता. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी गावातल्या रुग्णांत एक नवा विषाणू सापडला आणि गावाचंच नाव त्याला मिळालं. पुढे एको विषाणू सापडले. हे सगळे पोलिओसारखाच मेंदूज्वर देऊ शकतात. म्हणून वर्षांची तुलना करताना एकूण रुग्णांपेक्षा लुळेपणाचे रुग्ण घ्यावेत. याचा खणखणीत पुरावा प्रश्न ६ मध्ये आहे.

३. हे आकडे गोळा कोण करत होतं?

डॉक्टर स्थानिक आरोग्य खात्याला कळवायचा, तिथून राज्याकडे आणि राज्याकडून दर आठवड्याला वॉशिंग्टनला. यात गळती होती, उशीर होता, राज्याराज्यांत फरक होता. शेजारी दुसरी एक यंत्रणा होती: राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३८ मध्ये उभी केलेली नॅशनल फाउंडेशन फॉर इन्फंटाइल पॅरालिसिस. ही संस्था लोकांकडून दहा-दहा सेंटची नाणी गोळा करायची आणि त्यातून पोलिओच्या रुग्णांचा खर्च उचलायची. उपचाराचा खर्च निघतो म्हटल्यावर शंकास्पद रुग्णाला ‘पोलिओ’ लिहिण्याकडे कल झुकला असेल, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप अगदीच खोटा नाही, पण लुळेपणाच्या आकड्यांवर त्याचा फारसा जोर चालत नाही.

४. नुसते मृत्यू मोजले असते तर? मृत्यूत तर गफलत होत नाही.

होते, वेगळ्या प्रकारची. मृत्यू रोगावर अवलंबून असतात तसे उपचारावरही. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये भयंकर साथ आली. श्वास बंद पडलेल्या मुलांना ठेवायला ब्लेगडॅम रुग्णालयात आयर्न लंग ही बाहेरून श्वास चालवणारी यंत्रं पुरेनात. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून, नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबत श्वास देण्याची पद्धत सुरू केली. वैद्यकीचे विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. श्वासाच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण काही महिन्यांत निम्म्यावर आलं. रोग होता तेवढाच होता. तिथे लस तेव्हा नव्हती, तरी मृत्यूचा आलेख खाली गेला.

५. १९५४ ची ती प्रसिद्ध चाचणी नेमकी कशी झाली? दोन पद्धती होत्या असं वाचलं, ते का?

सुरुवात २६ एप्रिल १९५४ ला व्हर्जिनियातल्या मॅक्लीन गावच्या एका प्राथमिक शाळेत झाली. अभ्यासात अठरा लाखांवर मुलं होती, बहुतेक पहिली ते तिसरीतली. अमेरिकेची ४४ राज्यं, शिवाय कॅनडा आणि फिनलंडमधले काही भाग. पाच आठवड्यांत तीन टोचण्या. पालकांकडून घेतलेल्या कागदावर ‘संमती देतो’ असं नव्हतं, ‘सहभागी करून घ्यावं अशी विनंती करतो’ असं होतं. साथीला कंटाळलेल्या आईबापांची मनःस्थिती त्या एका शब्दात कळते.

दोन पद्धती झाल्या त्या मतभेदातून. फाउंडेशनचा मूळ बेत साधा होता: दुसरीच्या मुलांना लस टोचायची आणि पहिली-तिसरीच्या मुलांकडे नुसतं लक्ष ठेवायचं. साल्क यांनाही हेच हवं होतं. मुलांना मुद्दाम बिनकामाचं इंजेक्शन देणं त्यांना पटत नव्हतं. पण परीक्षणाचं काम मिशिगन विद्यापीठाच्या थॉमस फ्रान्सिस यांच्याकडे गेलं, आणि ते साल्क यांचे गुरू. त्यांनी आणि अनेक राज्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी प्लासिबोचा आग्रह धरला: अर्ध्या मुलांना लस, अर्ध्यांना लसीसारखंच दिसणारं द्रव, कुपीवर नुसता सांकेतिक क्रमांक. कोणाला काय मिळालं ते मूल, पालक, डॉक्टर यांपैकी कोणालाच ठाऊक नाही. शेवटी काही जिल्ह्यांत ही पद्धत आणि काही जिल्ह्यांत ती, अशी तडजोड झाली.

माझ्या मते साध्या पद्धतीत दोन भोकं होती. डॉक्टरला मूल दुसरीतलं आहे हे कळलं की ‘याला लस मिळाली असणार’ हेही कळायचं, आणि शंकास्पद तापाचं निदान त्या माहितीकडे झुकायचं. दुसरं भोक प्रश्न ७ मध्ये.

६. निकालाचे प्रत्यक्ष आकडे काय होते?

प्लासिबो जिल्ह्यांत २,००,७४५ मुलांना लसीचे पूर्ण डोस मिळाले, त्यांत लुळेपणाचे ३३ रुग्ण झाले. २,०१,२२९ मुलांना प्लासिबो मिळालं, त्यांत ११५. लाखाला १६ विरुद्ध ५७. प्लासिबो गटातली चार मुलं पोलिओने दगावली, लसीच्या गटातलं एकही नाही.

याच जिल्ह्यांतले ‘लुळेपणाविना’ रुग्ण पाहा: लसीच्या गटात २४, प्लासिबो गटात २७. म्हणजे जवळपास सारखेच! लस लुळेपणा जोरात अडवते आणि सौम्य आजार अडवतच नाही, हे कसं? सरळ उत्तर असं की त्या सौम्य खान्यातले बरेचसे रुग्ण पोलिओचे नव्हतेच. प्रश्न २ मधली भेसळ इथे आकड्यांत उघडी पडते. पूर्ण अहवालातला माझा सगळ्यात आवडता तपशील हाच.

जाहीर झालेली परिणामकारकता लुळेपणाविरुद्ध ८० ते ९० टक्के अशी सांगितली जाते; पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी पहिल्याविरुद्ध मात्र ती ६० ते ७० टक्केच भरली. वरच्या कच्च्या आकड्यांवरून हिशेब केला तर ७० टक्क्यांच्या थोडं वर येतं. प्रयोगशाळेत पक्कं निदान झालेल्या रुग्णांवर भर दिला की टक्केवारी चढते, म्हणून हा फरक.

७. प्लासिबो मिळालेल्या मुलांत लाखाला ५७ आणि काहीच न टोचलेल्या मुलांत ३६? म्हणजे खोट्या इंजेक्शननेच पोलिओ झाला का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याची नजर तीक्ष्ण आहे हे मान्य करावं लागतं. आकडे खरे आहेत. अर्थ मात्र वेगळा.

न टोचलेली मुलं म्हणजे ज्यांच्या पालकांनी विनंतीचा कागद भरला नाही ती. कागद भरणारे पालक सरासरीने जास्त शिकलेले, जास्त सुस्थितीतले होते. आणि पोलिओ हा उलट्या चालीचा रोग. दाटीवाटीच्या, अस्वच्छ वस्तीत विषाणू मुलाला तान्हेपणीच गाठतो. तेव्हा आईकडून आलेली प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारी प्रथिनं) रक्तात असतात, मूल बहुधा लुळेपणातून वाचतं आणि जन्माची प्रतिकारशक्ती घेऊन मोठं होतं. स्वच्छ घरातल्या मुलाची विषाणूशी पहिली गाठ शाळेच्या वयात पडते, तेव्हा आईचं कवच संपलेलं असतं. म्हणून कागद भरणाऱ्या घरांतच धोका जास्त होता.

साध्या पद्धतीचं दुसरं भोक हेच. तिथे लस घेतलेल्या, म्हणजे जास्त धोक्याच्या मुलांची तुलना पहिली-तिसरीच्या सरसकट सगळ्या मुलांशी झाली. त्यात फरक लाखाला १७ विरुद्ध ४६ दिसला, म्हणजे लस होती त्यापेक्षा थोडी कमी प्रभावी भासली. प्लासिबोचा हट्ट धरला नसता तर ही गोष्ट कळलीच नसती.

८. मूल खरंच लुळं पडलं आहे हे ठरवायचं कसं?

स्नायूंना गुण देऊन. कोणाला लस मिळाली हे माहीत नसलेले प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट एकेक स्नायू तपासून त्याची ताकद नोंदवायचे. आजार सुरू झाल्यावर १० ते २० दिवसांनी एकदा आणि ५० ते ७० दिवसांनी पुन्हा. शौचाचे आणि रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत जायचे. कळवल्या गेलेल्या १,०१३ रुग्णांतले ८६३ पोलिओचे ठरले, त्यांतले ६८५ लुळेपणाचे. उरलेले १५० गाळले गेले. सगळ्या नोंदी मिशिगन विद्यापीठाच्या गावी, अ‍ॅन आर्बरला, पंचकार्डांवर (भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डांवर) चढल्या. दोन महिन्यांनंतरची ती दुसरी तपासणी लक्षात ठेवा, ती प्रश्न ११ मध्ये परत येते.

९. निकाल १२ एप्रिलला जाहीर झाला आणि लायसन्स त्याच दिवशी मिळालं. एवढी घाई?

हो, घाईच होती. १२ एप्रिल १९५५, रूझवेल्ट यांचा दहावा स्मृतिदिन. अ‍ॅन आर्बरच्या सभागृहात फ्रान्सिस यांनी अहवाल वाचला, देशभर घंटा वाजल्या आणि संध्याकाळपर्यंत सरकारने कंपन्यांना परवाने दिले. चाचणीतल्या लसीची सुरक्षितता तपासली गेली होती. पण कंपन्या मोठ्या प्रमाणावर लस काढतील तेव्हा ती प्रत्येक घाण्यात तशीच उतरेल का, हे तपासायला वेळच ठेवला नव्हता.

१०. कटर प्रकरण काय होतं? आणि ते इतक्या लवकर पकडलं कसं गेलं?

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या कटर लॅबोरेटरीज या कंपनीच्या लसीच्या काही घाण्यांत जिवंत विषाणू राहून गेला. फॉर्माल्डिहाइडने विषाणू मारायचा असतो, पण द्रावात पेशींचा गाळ राहिला तर त्या आडोशाने काही विषाणू वाचतात. शिवाय सुरक्षितता तपासायला घेतलेले नमुने इतके थोडे होते की तुरळक जिवंत विषाणू त्यांत सापडणं दुरापास्त.

एप्रिलच्या अखेरीस कॅलिफोर्नियातून लस घेतलेल्या मुलांना लुळेपणा आल्याच्या बातम्या आल्या. तीन खुणा एकत्र जमल्या. सगळ्यांना कटरचीच लस होती. टोचल्यापासून साधारण चार ते दहा दिवसांत आजार सुरू झाला होता. आणि लुळा पडलेला हात बहुधा तोच, ज्यावर सुई टोचली होती. नेहमीचा पोलिओ उन्हाळ्यात वाढतो आणि त्याला डावा-उजवा हात कळत नाही. २७ एप्रिलला कटरची लस बाजारातून परत मागवली गेली. दुसऱ्या दिवशी अटलांटाच्या साथरोग केंद्रात अलेक्झांडर लँगम्युअर यांच्या हाताखाली पोलिओ सर्वेक्षण कक्ष उघडला. प्रत्येक राज्यातून रोज माहिती यायची: मुलाचं वय, टोचल्याची तारीख, कंपनी, घाणा क्रमांक, कोणता अवयव. त्यावरून अहवाल निघून परत राज्यांकडे जायचा.

तपासात पुढे कळलं की लस घेतलेली मुलंच नव्हे, त्यांच्यापासून घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही लागण झाली. अंतिम हिशेबात २६० रुग्ण: ९४ लस घेतलेले, १२६ त्यांच्या घरातले, ४० वस्तीतले. १९२ जणांना लुळेपणा आला आणि १० जण दगावले.

लसविरोधक हे प्रकरण लसीविरुद्ध वापरतात आणि लसप्रेमी ते चटकन ओलांडून जातात. दोघांचंही चुकतं. त्या कक्षाने इतर बहुतेक कंपन्यांच्या लसीमागे असा पुंजका दिसत नाही हेही दाखवलं, नाहीतर मोहीम तिथेच मेली असती. मे महिन्यात ती थांबवली गेली, पण नियम कडक करून परत सुरूही झाली.

११. १९५५ मध्ये ‘लुळ्या पोलिओ’ची व्याख्याच बदलली आणि म्हणून आकडे घसरले, असा आलेख फिरतो. खरं आहे का?

व्याख्या बदलली हे खरं. आधी २४ तासांच्या अंतराने दोनदा लुळेपणा दिसला की पुरे होतं. नंतर साठ दिवसांनीही कमजोरी उरली तरच रुग्ण लुळेपणाच्या खान्यात. लवकर बरे होणारे गळाले, कॉक्सॅकीचे गळाले, आकडा आपोआप थोडा खाली आला. १९५५ च्या दोन्ही बाजूंचे आकडे पट्टी लावून जोडायचे नाहीत, हा मुद्दा तेव्हाच्या संख्याशास्त्रज्ञांनीही मांडला होता आणि तो बरोबर आहे.

पण आलेखवाले दोन गोष्टी सांगत नाहीत. एक, १९५४ च्या चाचणीत दोन्ही गटांना एकच मोजपट्टी होती, आणि तरी ३३ विरुद्ध ११५ आले (प्रश्न ६). दोन, नव्या, कडक व्याख्येखालीच घसरण चालू राहिली. देशातले एकूण रुग्ण १९५५ मध्ये २८,९८५ होते, १९६१ मध्ये १,३१२. या सहा वर्षांत व्याख्या पुन्हा बदललेली नव्हती.

१२. मग १९५८-५९ मध्ये रुग्ण पुन्हा का वाढले? लस फसली का?

लुळेपणाचे रुग्ण १९५७ मध्ये सुमारे अडीच हजार होते, १९५९ मध्ये सहा हजारांवर गेले. वाढले कोण, ते पाहायला हवं. साथ आता शहरातल्या गरीब वस्त्यांत शिरली होती, शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांत, ज्यांना एकही डोस मिळाला नव्हता. पूर्वी सुखवस्तू घरांचा समजला जाणारा रोग चारपाच वर्षांत गरिबांचा झाला (प्रश्न ७ शी ताडून पाहा). कटर प्रकरणानंतर गाळणी कडक केल्याने काही घाण्यांचा जोरही कमी झाला होता. पण मुख्य कारण न पोहोचलेली लस हेच.

१३. तोंडावाटे द्यायच्या लसीची परीक्षा अशीच झाली का?

नाही. आल्बर्ट साबिन यांच्या जिवंत पण दुर्बळ विषाणूच्या लसीची मोठी चाचणी १९५९ मध्ये सोव्हिएत संघात मिखाइल चुमाकोव्ह यांनी केली. एक कोटीहून जास्त लोकांना डोस, प्लासिबो नाही. परिणाम मोठा असल्यामुळे तो दिसला, पण फार विरळा दुष्परिणाम अशा रचनेत निसटू शकतो. अमेरिकेत १९६१-६२ पासून ही लस आल्यावर सर्वेक्षण कक्षाला काही रुग्ण सापडले, ज्यांना लसीतल्याच विषाणूने लुळेपणा आला होता. प्रमाण लाखो डोसांमागे एखादा. सात वर्षांआधी कटरसाठी उभी केलेली यंत्रणा नसती तर हे कळायला किती वर्षं लागली असती कोण जाणे.

१४. माकडांचा आणि भारताचा यात काय संबंध?

फार जवळचा. विषाणू वाढवला जायचा माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर, आणि त्यासाठीची लाल तोंडाची माकडं मुख्यतः उत्तर भारतातून विमानाने जायची. लंडनच्या विमानतळावर शेकडो माकडं गुदमरून मेल्यावर १९५५ मध्ये भारताने निर्यात थांबवली. अमेरिकेच्या लसीची सगळी गणितं अडली आणि औषधोपयोगाच्या अटीवर ती लवकरच परत सुरू झाली. १९७८ मध्ये मात्र कायमची बंदी आली. या माकडांतला एसव्ही-४० हा विषाणू १९६० मध्ये लसीत आढळला, आणि लस घेतलेल्यांत कर्करोग वाढतो का याची मोजणी पुढे अनेक वर्षं चालली. मोठ्या पाहण्यांत तशी वाढ दिसली नाही.

मुंबईतही त्याच सुमारास काम सुरू झालं होतं. १९४९ मध्ये इथे पोलिओ संशोधन कक्ष निघाला. परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातलं एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र हे त्याचंच पुढचं रूप.

१५. आपल्याकडे पल्स पोलिओत मोजणी कशी झाली?

लुळेपणा आधी, निदान नंतर, या तत्त्वाने. पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक कुठल्याही कारणाने लुळेपणा आला की कळवायचं, ‘पोलिओ वाटत नाही’ म्हणून सोडायचं नाही. चौदा दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने, थंड डब्यातून प्रयोगशाळेत. नमुने नीट मिळाले नाहीत तर साठ दिवसांनी मुलाला घरी जाऊन परत तपासायचं. प्रश्न ८ मधल्या स्नायूतपासणीचा हा थेट वारसा. पोलिओ नसलेले लुळेपणाचे रुग्ण एखाद्या जिल्ह्यातून आलेच नाहीत तर तिथे रोग नाही असं न मानता, तिथे कोणी शोधतच नाही असं मानलं जायचं. भारतातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला.

१६. आमच्या आजोबांना १९५० च्या सुमारास ‘पोलिओ झाला’ म्हणतात. तो खरंच पोलिओ होता का, आज कळेल का?

रक्त तपासून नाही. त्या पिढीतल्या जवळपास सगळ्यांच्या रक्तात पोलिओची प्रतिपिंडं असतातच. शरीर मात्र बरंच सांगतं. लहानपणी तापानंतर दोनचार दिवसांत आलेला लुळेपणा, एकाच पायाला किंवा दोन्हींना पण असमान, स्पर्श अगदी शाबूत, गुडघ्याला हातोडी मारली तर झटका नाही, पाय बारीक आणि आखूड राहिलेला: हे पोलिओकडे बोट दाखवतं. बधिरपणा असेल, किंवा कुल्ह्यावर इंजेक्शन दिल्या दिल्या पाऊल लोंबकळू लागलं असेल, तर सुईने शीर दुखावल्याचीही शक्यता असते. तापात इंजेक्शन दिल्यामुळे पोलिओचा लुळेपणा त्याच अवयवात उतरतो हेही ठाऊक आहे, त्यामुळे ‘सुईनंतर झालं’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आजोबांना इतक्या वर्षांनी नव्याने थकवा, स्नायूदुखी किंवा ताकद कमी झाल्यासारखं वाटत असेल तर मेंदू-मज्जातज्ज्ञाला दाखवा आणि लहानपणीचा आजार आवर्जून सांगा. पोलिओनंतर दशकांनी असा त्रास होऊ शकतो, आणि त्यात जबरदस्तीचा व्यायाम उलटा बाधतो.